फुलाला काही नको असतं

पुढे वाचण्याआधी एक काम करा. फोनवर एमील नोल्डे या जर्मन चित्रकाराची पॉपीची चित्रं शोधा आणि दोन मिनिटं नुसती बघा. त्याच्याबद्दल काही वाचू नका. वाचायचं ते मी पुढे सांगणारच आहे. पण एकदा ते कळलं की आत्ता जसं बघाल तसं परत बघता येणार नाही.

सापडलं तर १९४२ सालचं तैलचित्र बघा. नाव ‘मोठी पॉपी (लाल, लाल, लाल)’. पॉपी म्हणजे आपल्या खसखशीच्याच कुळातलं फूल. नावात तीनदा लाल म्हणायची गरज का पडली असेल, हे चित्र बघितल्यावर कळतं. एकदा लाल म्हणून भागत नाही. फुलांनी जवळजवळ सगळा कॅनव्हास व्यापलाय, मध्ये काळपट गाभे आहेत आणि रंग इतका जवळ येतो की फोन थोडा लांब धरावासा वाटतो. मग त्याची जलरंगातली फुलं बघा. तीच पॉपी, पण इथे लाल रंग ओरडत नाही. ओल्या कागदात तो मुरलेला असतो, कडेला फिकट होत होत संपतो.

आता तुम्हाला ती आवडली असं धरून चालते. मला तर फारच आवडतात.

मी हौशी चित्रकार आहे. तुमच्यापैकी अनेकांसारखीच मीही शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या. तिथे जलरंगाचा पहिला धडा असतो कड सांभाळण्याचा. रंग रेषेबाहेर गेला की मार्क गेले. वॉश सपाट हवा, डाग नको, एक रंग वाळल्याशिवाय शेजारी दुसरा लावायचा नाही. ही शिस्त वाईट नाही, हात तयार होतो. पण जलरंग हे पाण्याचं माध्यम आहे आणि पाण्याला स्वतःचं काही म्हणणं असतं, हे मला पुष्कळ उशिरा समजलं, आणि ते नोल्डेच्या चित्रांकडे बघून समजलं.

त्याची पद्धत साधी होती. जपानी कागद घ्यायचा, पातळ आणि शोषून घेणारा. तो भिजवायचा आणि ओल्यावरच ओला रंग सोडायचा. रंग कागदात शिरतो, पसरतो, शेजारच्या रंगाला भेटतो, कधी मागच्या बाजूलाही उमटतो. पाणी जिथे थांबलं तिथे पाकळी संपते. १९०८ च्या हिवाळ्यात येना शहराजवळच्या एका खेड्यात तो उघड्यावर बसून जलरंगात काम करत होता. कागदावर बर्फ पडत होता आणि रंग गोठून त्याचे स्फटिक होत होते. त्याने ते राहू दिले. थंडीलाही चित्रात थोडी जागा दिली.

चेहऱ्यांच्या बाबतीतही तसंच. त्याने काढलेली माणसांची डोकी बघा. कपाळ हिरवं, गाल नारिंगी, डोळ्यांभोवती जांभळी सावली. हुबेहूब दिसण्याची अट त्याने सोडून दिलेली आहे, तरी समोर कुणीतरी आहे याची खात्री पटते. तैलरंगात तो रंगाचे जाड थर देतो, तिथे चेहरा मुखवट्यासारखा घट्ट होतो. जलरंगात तोच चेहरा आत्ताच पाण्यातून वर आल्यासारखा वाटतो. यालाच एक्स्प्रेशनिझम म्हणतात. डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा आत उमटतं ते रंगवायचं.

त्याच्या आयुष्याची गोष्टही आवडावी अशी आहे. १८६७ मध्ये जर्मनी-डेन्मार्क सीमेवरच्या नोल्डे नावाच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरात जन्म. मूळ आडनाव हान्सेन. १९०२ मध्ये लग्न झालं तेव्हा त्याने गावाचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. सुरुवातीला लाकडावर कोरीवकाम केलं, मग स्वित्झर्लंडमध्ये कलाकामाचा शिक्षक झाला. तिथे आल्प्सच्या शिखरांना राक्षसांचे, म्हाताऱ्यांचे चेहरे देऊन त्याने पोस्टकार्डं काढली. ती इतकी खपली की नोकरी सोडता आली. म्युनिकच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला नाही. तरी तो चित्रकार झाला. पुढे झेब्यूल या ठिकाणी घर बांधलं आणि बाग केली. बागेतल्या वाटा दोन अक्षरांच्या आकाराच्या आहेत, बायकोच्या आडा या नावातलं पहिलं अक्षर आणि स्वतःच्या एमीलमधलं पहिलं. त्याची बरीच फुलं याच बागेतली.

आणि मग येते ती सगळ्यात सुंदर गोष्ट. हिटलरच्या राजवटीला नवी चित्रकला नको होती. जर्मन संग्रहालयांतून नोल्डेची हजाराहून जास्त कामं जप्त झाली, इतर कुठल्याही चित्रकारापेक्षा जास्त. १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवून अशा चित्रांची जाहीर टिंगल केली गेली, त्यात त्याची चित्रं ठळकपणे मांडलेली होती. १९४१ मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. गोष्ट पुढे सांगते, की गेस्टापोचे लोक अचानक तपासायला येत. तैलरंगाचा वास लपत नाही, म्हणून म्हातारा चित्रकार गुपचूप छोट्या छोट्या कागदांवर जलरंगात काम करत राहिला. अशी तेराशेहून जास्त चित्रं झाली. त्यांना नाव मिळालं ‘न रंगवलेली चित्रं’. झीगफ्रीड लेन्त्स या लेखकाने १९६८ मध्ये या गोष्टीच्या आधाराने ‘डॉइचश्टुंड’ ही कादंबरी लिहिली. त्यात चित्रकारावर पहारा ठेवणारा गावचा पोलीस आहे आणि त्या चित्रकारावर जीव असलेला पोलिसाचा मुलगा आहे. ही कादंबरी जर्मनीतल्या शाळांमध्ये शिकवली गेली. सत्तेसमोर न वाकलेला कलावंत म्हटलं की तिथल्या कित्येकांच्या डोळ्यांसमोर नोल्डे यायचा.

दुसऱ्या महायुद्धातून बाहेर आलेल्या देशाला अशा गोष्टीची फार गरज होती. आपल्यातलं कुणीतरी चांगलं होतं, आणि तो चांगुलपणा फुलांच्या रूपात शिल्लक आहे, हे ऐकायला कुणाला आवडणार नाही?

आता उरलेलं सांगते.

नोल्डे नाझी होता. नाइलाजाने किंवा भीतीपोटी नव्हे, मनापासून. १९२० मध्ये सीमा बदलली तेव्हा त्याचा भाग डेन्मार्कमध्ये गेला आणि तो डॅनिश नागरिक झाला. १९३४ मध्ये तो तिथल्या जर्मनांच्या नाझी संघटनेचा सभासद झाला. त्याच वर्षी आलेल्या आत्मचरित्राच्या दुसऱ्या भागात ज्यूद्वेष उघड आहे. त्याआधी, १९३३ मध्ये, त्याने माक्स पेखश्टाइन हा चित्रकार ज्यू असल्याचं एका सरकारी अधिकाऱ्याला सांगितलं. पेखश्टाइन एके काळी ‘डी ब्रुक’ या चित्रकारांच्या गटात त्याच्याबरोबर होता. तो ज्यू नव्हता. पण असता तर नोल्डेचं वागणं काही कमी वाईट ठरलं नसतं, उलट परिणाम जास्त भयंकर झाला असता. ज्यूंना देशाबाहेर नेऊन वसवण्याची एक योजनाही त्याने त्या वर्षी आखली होती. आणि १९३८ मध्ये, स्वतःची चित्रं जप्त झाल्यानंतर, त्याने गोबेल्सला पत्र लिहून ती परत मागितली. आपण जर्मन कलेतल्या परक्यांच्या वर्चस्वाविरुद्ध कधीपासून लढतोय, हे त्याने त्या पत्रात पुरावा म्हणून मांडलं. ज्या राजवटीने त्याला हाकललं तिच्या दारात तो उभाच होता, आत घ्या म्हणून.

बंदी खरी होती. पण ती विक्रीवर, प्रदर्शनांवर, व्यवसायावर होती. घरात ब्रश हातात धरू नये म्हणून कुणी पहारा बसवलेला नव्हता. त्या छोट्या चित्रांतली बरीचशी बंदीच्या आधीची होती. आणि ज्या चित्रापासून आपण सुरुवात केली ते, लाल, लाल, लाल, ऐन बंदीच्या काळात काढलेलं आहे. तैलरंगात.

युद्धानंतरच्या चौकशीत ‘अधःपतित’ हा शिक्का त्याच्या कामी आला आणि तो निर्दोष ठरला. आत्मचरित्राच्या नंतरच्या आवृत्तीतून नको तो मजकूर गेला. १९५६ मध्ये तो वारला. त्याच्या कागदपत्रांचा संशोधकांनी नीट अभ्यास केला तो आत्ता आत्ता, आणि २०१९ मध्ये बर्लिनमधल्या एका मोठ्या प्रदर्शनात ही सगळी बाजू चित्रांशेजारी मांडली गेली. त्याच सुमारास चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयातली नोल्डेची दोन चित्रं उतरवली गेली, एक समुद्राच्या लाटेचं आणि एक फुलबागेचं. ती पुन्हा त्या भिंतीवर आली नाहीत.

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. कुठल्याही गायकाबद्दल, दिग्दर्शकाबद्दल काही बाहेर आलं की कमेंट्समध्ये तीच दोन दिसतात. पहिलं, कला वेगळी आणि कलावंत वेगळा. दुसरं, काढून टाका, अनफॉलो करा, विषय संपला.

मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. पहिल्यात एक छोटी लबाडी आहे. नोल्डे शूर आहे असं वाटत होतं तेव्हा कुणी कला आणि कलावंत वेगळे ठेवत नव्हतं. त्या छोट्या जलरंगांत लोकांना धैर्य दिसत होतं, एकटेपण दिसत होतं, अंधारात जपलेला उजेड दिसत होता. चरित्र चांगलं असेल तेव्हा ते चित्रात मिसळायचं आणि वाईट निघालं की वेगळं काढायचं, हा सोयीचा हिशोब झाला. दुसऱ्या उत्तराची अडचण माझ्यासाठी जास्त घरगुती आहे. चित्र भिंतीवरून काढता येतं, वॉलपेपर बदलता येतो. पण पाणी सोडून द्यायला माझा हात ज्याच्याकडून शिकला, त्याला हातातून कसं काढायचं? आजही मी कागद भिजवते आणि रंग कुठे जातोय ते बघत थांबते, तेव्हा ते थांबणं त्याच्याकडून आलेलं असतं.

म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारावासा वाटतो. हे सगळं कळल्यावर आपल्याला धक्का का बसतो? शेतकरी नाझी होते, शिक्षक होते, डॉक्टर होते, हे आपण वाचलेलं असतं. फुलं काढणारा नाझी होता याचंच इतकं नवल का?

मला वाटतं, याचं मूळ आपल्या एका शब्दात आहे. संवेदनशील. मराठीत आपण हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. संध्याकाळी भिंतीवरचा उजेड कसा बदलला हे ज्याला जाणवतं तो संवेदनशील. शेजारच्या घरात काहीतरी बिनसलंय हे ज्याला जाणवतं तोही संवेदनशील. एक डोळ्यांची गोष्ट आहे, दुसरी माणसाशी असलेल्या नात्याची. शब्द एकच असल्यामुळे पहिली दिसली की दुसरी आहेच असं आपण धरून चालतो. स्थळ बघतानाही ‘मुलगा संवेदनशील आहे, कविता करतो’ असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. कविता करतो म्हणजे बायकोशी नीट वागेल, असा तो हिशोब असतो. मनात सुद्धा कुणी तो तपासत नाही.

रसिकाबद्दलही आपला असाच समज आहे. संस्कृत काव्यशास्त्रात रसिकाला सहृदय म्हणतात. कलाकृतीतला भाव ज्याच्या हृदयात उमटतो, तो. फार सुंदर शब्द आहे. पण स्पेअर या हिटलरच्या वास्तुरचनाकाराने आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवलाय. १९३३ मध्ये त्याने गोबेल्सच्या घराची सजावट केली आणि भिंतींवर नोल्डेची काही जलरंगचित्रं लावली. गोबेल्स आणि त्याची बायको दोघंही खूश झाली. मग हिटलर घरी आला, त्याला ती चित्रं मुळीच आवडली नाहीत, आणि चित्रं लगेच उतरली. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मधलं वाक्य सोडत नाही. चित्रं आवडली होती. खोटं खोटं नाही, खरोखर आवडली होती. ओल्या कागदावर पसरणारा तो रंग गोबेल्सच्याही आत कुठेतरी उमटला होता. याचा अर्थ तुमची किंवा माझी आवडही आपल्याबद्दल फारसं काही सिद्ध करत नाही. नोल्डेची फुलं बघून माझे डोळे भरून आले, म्हणून मी चांगली माणूस ठरत नाही.

इथे फुलं आणि चेहरे यांच्यातला फरक महत्त्वाचा होतो.

फुलाला चित्रकाराकडून काही नको असतं. पॉपीकडे कितीही बारकाईने बघा, ती तुमच्याकडे काही मागत नाही. तिला घर नको, कागदपत्रं नकोत, कुणी तिच्याविरुद्ध बोलत असताना तुम्ही तोंड उघडावं अशी तिची अपेक्षा नसते. म्हणून फुलाला पूर्णपणे बघता येतं, आणि त्या बघण्याची काही किंमत द्यावी लागत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. चेहरा नीट बघितला की तो काहीतरी मागतो. निदान एवढं, की मी इथे आहे हे विसरू नकोस.

१९१३-१४ मध्ये नोल्डे आणि आडा सरकारी मोहिमेबरोबर न्यू गिनीला गेले. ती तेव्हा जर्मन वसाहत होती. तिथल्या लोकांची त्याने जलरंगात जी डोकी काढली ती त्याच्या उत्तम कामांत मोडतात. परक्या माणसाकडे असं बघणं त्या काळातल्या युरोपात दुर्मीळ होतं. त्या लोकांचं जगणं युरोपियनांमुळे नष्ट होतंय याची त्याला खंतही होती. पण काम करताना बाजूला गोळ्या भरलेलं पिस्तूल ठेवलेलं असायचं, आणि मागे आडा उभी असायची, तिच्याही हातात पिस्तूल, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. त्या चेहऱ्यांकडे आता बघा. डोळे थेट आपल्याकडे लागलेले आहेत. ते चित्रकाराकडे बघतायत की पिस्तुलाकडे, हे कागद सांगत नाही. पण बघणं आणि भेटणं या दोन गोष्टी किती लांब असू शकतात, ते इथे दिसतं.

आणखी एक गोष्ट. आधीच्या काळात त्याने बायबलमधले प्रसंग फार ताकदीने रंगवले होते. येशू, त्याचे शिष्य, टेबलाभोवती दाटीने बसलेले पिवळे, तापलेले चेहरे. ती सगळी माणसं ज्यू होती, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. हिटलर सत्तेवर आल्यानंतर हे विषय त्याच्या कामातून गेले. त्यांच्या जागी उत्तरेकडचे वीर आले, व्हायकिंग आले. चेहरे बदलले. फुलं तशीच राहिली, कारण फुलांना बदलायची गरजच नव्हती. फूल कुठल्याही राजवटीत फूलच असतं. म्हणून तर ते इतकं सुरक्षित असतं.

माझी एक मैत्रीण बेने इस्राएल आहे. अलिबागकडचं कुटुंब, आडनावाच्या शेवटी ‘कर’, घरात मराठी. तिच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर नोल्डेच्या पॉपीचं एक छोटं छापील चित्र आहे. ती घरी आली होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, काढू का? ती म्हणाली, “अगं, आमच्या घरातलं कुणी त्यात गेलं नाही. आम्ही इथे होतो, वाचलो. पण याद्या करणाऱ्यांच्या हाती आमची नावं लागली असती, तर त्यांनी काय आम्हाला सोडलं असतं? तुझं चित्र तुझ्या भिंतीवर राहू दे. फक्त मला ही नुसती फुलं आहेत असं सांगू नकोस.”

मला हे उत्तर पटलं, कारण त्यात क्षमा नव्हती. क्षमा करायचा अधिकार तिलाही नव्हता, मला तर नाहीच. चित्र आवडणं आणि माणसाला माफ करणं या दोन गोष्टी आपण उगाच एकत्र बांधतो, आणि म्हणूनच आवडताना चोरी केल्यासारखं वाटतं. आवड ही माफी नाही आणि प्रशस्तिपत्रही नाही. पण ‘नुसती फुलं’ म्हणणं, म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं, हे मात्र खोटं आहे. आणि त्याची किंमत आपण देत नाही, दुसरंच कुणीतरी देतं.

ही किंमत कुणी दिली, याचा एक धागा थेट मुंबईत येतो. नोल्डे ज्या वर्षी पेखश्टाइनबद्दल सांगत होता त्याच वर्षी, १९३३ मध्ये, रुडी फॉन लायडन हा बर्लिनचा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ जर्मनी सोडून मुंबईला आला. त्याच्या घराण्यात ज्यू रक्त होतं. १९३८ मध्ये व्हिएन्नाहून वॉल्टर लँगहॅमर हा चित्रकार आला. त्याची बायको ज्यू होती. लायडन ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागला, लँगहॅमर त्याच वृत्तपत्राचा कला संचालक झाला. त्यांच्या घरी मुंबईचे तरुण चित्रकार जमत, युरोपातल्या नव्या चित्रकलेबद्दल बोलणं होई, पुस्तकं आणि छापील चित्रं बघायला मिळत. १९४७ मध्ये ज्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला त्यांच्यातल्या अनेकांना या दोघांचा आधार मिळाला. नोल्डेला ज्या राजवटीत जागा हवी होती, तिने हाकललेली माणसं इथे आपल्या चित्रकारांना बघायला शिकवत होती.

त्या चित्रकारांत कृष्णाजी हौलाजी आरा होते. हैदराबादेजवळच्या बोलारममधून लहान वयात मुंबईला आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राहिले, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. लायडनला त्यांच्यातला चित्रकार दिसला. आणि आरांनी आयुष्यभर कशाची चित्रं काढली? फुलदाण्यांची, फुलांची. जलरंगात, पुढे तैलरंगातही. तीही फोनवर शोधा. भरभरून काढलेली फुलं आहेत, फुलदाणीत मावत नाहीत.

आता मनात येतं, की चला, ही चांगल्या माणसाची फुलं, नोल्डेऐवजी ही लावू. पण मी दोन्ही फुलं शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. आरांच्या फुलांत मला त्यांचा तुरुंगवास दिसला नाही, धुतलेल्या गाड्या दिसल्या नाहीत. नोल्डेच्या फुलांत त्याची चुगली दिसली नाही. दिसायला हवी होती असं फार वाटलं. रंगात कुठेतरी क्रूरता सापडली असती तर किती सोपं झालं असतं! वाईट माणसाचं फूल ओळखता येतं असं ठरलं असतं, आणि आपल्याला आवडणारं प्रत्येक फूल चांगल्या माणसाचं ठरलं असतं. तसं नाही. चांगुलपणा रंगात उतरत नाही आणि दुष्टपणाही उतरत नाही. तो माणसाने इतर माणसांचं काय केलं यात असतो, आणि ते कळायला चित्राबाहेर जावं लागतं. पत्रं वाचावी लागतात, तारखा बघाव्या लागतात.

मग करायचं काय? माझ्यापुरत्या मी तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. बघणं, मान देणं आणि पैसे देणं. नोल्डे जाऊन कित्येक वर्षं झाली, त्याची चित्रं बघितल्याने त्याच्या हातात कुणाला छळण्याची नवी ताकद जात नाही. बघायला माझी हरकत नाही. जिवंत कलावंताचं तसं नसतं. त्याचं प्रत्येक तिकीट, प्रत्येक स्ट्रीम त्याच्या खिशात आणि दबदब्यात भर घालतं, आणि त्याच्याविरुद्ध बोललेली माणसं ते बघत असतात. तिथे गाणं आवडत असूनही पैसे न देणं शक्य आहे, आणि कधी कधी तेच योग्य असतं. मान ही तिसरी गोष्ट. देशाच्या प्रमुखाच्या कार्यालयात चित्र लावणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे, तो मान असतो. म्हणून ती भिंत रिकामी झाली हे मला बरोबर वाटतं, आणि संग्रहालयाची भिंत रिकामी होऊ नये असंही वाटतं. तिथे चित्राशेजारी पाटी लावता येते.

माझ्या भिंतीवरचं ते छोटं चित्र अजून आहे. त्याच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, कोणी काढलं, कधी, आणि त्या वर्षांत तो काय करत होता. कुणी विचारलं की मी आधी फुलं दाखवते, मग मागची बाजू. हाच क्रम मला प्रामाणिक वाटतो, आणि या लेखातही मी तोच ठेवला. आधी चित्र, कारण ते खरंच तसं आहे. मग मागची बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे.

आणि संवेदनशील हा शब्द मी हल्ली जरा जपून वापरते. कुणी कुणाबद्दल तो वापरला की मनात विचारते, कशाच्या बाबतीत? रंगांच्या, सुरांच्या, पावसाच्या? छानच. पण ज्या दिवशी त्याच्यासमोर कुणाचं नाव यादीत घालायची वेळ आली, त्या दिवशी हा माणूस काय करेल, हे मला अजून कळलेलं नाही. हाच प्रश्न मी कागद भिजवताना स्वतःलाही विचारते. ओल्या कागदावर रंग कुठवर जातो ते बघत थांबायला मी शिकले आहे. माणसासमोर तितकंच थांबायला शिकणं हा वेगळा अभ्यास आहे, आणि त्यात फुलं फार मदत करत नाहीत.